एकेचाळीस नंबरचा कॅन

चादर अर्धी निघाली होती आणि अर्धी सासूबाईंच्या अंगाखाली अडकली होती. त्यांना कुशीवर वळवायचं, एका हातानं खांद्याला आधार द्यायचा आणि दुसऱ्या हातानं चादर सरकवत न्यायची, हे काम सात वर्षांच्या सवयीनं वासबाईला झोपेतही जमलं असतं. त्या दिवशी मात्र सासूबाईंनी मध्येच तिचं मनगट पकडलं.

"अगं, दूध करपतंय. जिवंत आहेस ना?"

शेगडी तिथून चार पावलांवर होती. वासबाईनं मान वळवली तेव्हा कुठे तिला पातेल्यावरचा धूर दिसला. चादर तशीच सोडून ती धावली, फडक्यानं पातेलं उचलून मोरीत ठेवलं, आणि मागे वळते तर दारात डेअरीचा शिपाई उभा. त्यानं नाकाला रुमाल लावला होता आणि रुमालाआडून तो हसत होता.

"वासबाईंच्या घरी दूध करपलं," तो म्हणाला. "आता उद्या मासा बुडाला म्हणून कळवा."

तीही हसली. हसणं भागच होतं. शिपायानं पिशवीतून कोर्टाचा कागद काढला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. परवा अकरा वाजता साक्षीला हजर राहायचं होतं. एकेचाळीस नंबरच्या कॅनचा खटला. शिपाई म्हणाला, तुम्हाला काय, नेहमीचंच आहे, पाच मिनिटांचं काम. ते खरंही होतं. आजवर ती पुष्कळदा त्या पिंजऱ्यात उभी राहून "हा शेरा माझाच" एवढं सांगून घरी आली होती. सही पहिल्यांदाच तिनं भलत्याच ओळीवर केली, तेव्हा शिपायानं विचारलं, ताप अजून उतरला नाही का?

ताप उतरून महिना झाला होता. तापाबरोबर दुसरं काहीतरी उतरलं होतं, ते मात्र परत आलं नव्हतं.

सगळी डेअरी तिला वासबाई म्हणायची. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. सकाळी साडेआठला रिकामे कॅन घेऊन गाड्या परतत. कट्ट्यावर कॅन रांगेनं उभे राहत, प्रत्येकाच्या गळ्यात पितळी बिल्ला, बिल्ल्यावर गिऱ्हाइकाचा नंबर, पोटावर ठोकलेलं डेअरीचं नाव. झाकणवाला लाकडी हातोडीनं झाकणं सैल करत पुढे जाई आणि त्याच्या पाठोपाठ ती. वाकायचं, कॅनच्या तोंडाशी नाक न्यायचं, एक श्वास घ्यायचा. आंबलेल्या दुधाचा वास असला तर कॅन धुलाईला. दुसरा कसलाही असला, रॉकेलचा, फिनेलचा, रंगाचा, फवारणीच्या औषधाचा, तर कॅनच्या पोटावर तांबड्या खडूची फुली आणि शेरेबुकात एक ओळ. तीनशे कॅन, तीनशे श्वास. पहिल्या कॅनपाशी ती क्षणभर डोळे मिटायची आणि मनात म्हणायची, देवा, तूच वास घे, नाक माझं वापर. झाकणवाला थट्टा करायचा की देवाला कशाला तीनशे आंबलेले कॅन हुंगायला लावता, त्यानं काय तुमचं घोडं मारलंय? पण तिची प्रार्थना संपेपर्यंत तो हातोडी उचलायचा नाही.

बारा वर्षांपूर्वी हे काम नव्हतं, कारण कायदा नव्हता. लोक डेअरीचे कॅन घरी ठेवून घेत. कुणी त्यात पाणी साठवी, कुणी चुना कालवी, कुणी वरचं नाव कानसीनं घासून भंगारात घाली. वासबाई तेव्हा धुलाईत कॅन घासायची. एका दुपारी एक कॅन हातात आला तशी ती मुकादमाला म्हणाली होती, याला कसलातरी वास आहे. मुकादम म्हणाला, साबण लाव जास्त. तिनं जास्त साबण लावला. दुसऱ्यांदा ती बोलली नाही. त्या कॅनमध्ये कुणा माळ्यानं फवारणीचं औषध ठेवलं होतं. पुढच्या दोन दिवसांत एका घरातली दोन लेकरं गेली.

त्यानंतर कायदा झाला. डेअरीच्या नावाच्या भांड्यात दुधाशिवाय काही भरायचं नाही, नाव पुसायचं नाही, परवान्याशिवाय ते भांडं जवळ बाळगायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला कॅन जप्त, दुसऱ्याला तीन महिने कैद. आता वास ही काही बाटलीत भरून कोर्टात नेण्याची वस्तू नव्हे. फुलीचे कॅन खटल्यासाठी अडकवून ठेवावेत तर दूध कशात भरायचं? म्हणून कॅन त्याच दिवशी वाफेनं धुऊन कामाला लागायचे आणि उरायचा तो शेरा. कायद्यानं तो शेराच पुरावा मानला. अट एकच, नेमलेल्या माणसानं स्वतःच्या नाकानं वास घेऊन तो लिहिलेला असावा. डेअरीनं धुलाईतल्या या बाईला शोधून काढलं, कट्ट्यावर उभं केलं आणि आवारातली एक खोली राहायला दिली. नवरा डेअरीचीच गाडी चालवायचा. तो गेल्यावर खोली तिच्या कामावर राहिली, आणि खोलीत राहिल्या सासूबाई, कमरेपासून खाली लुळ्या. बारा वर्षांत तिनं एकदाही कॅन चुकवला नव्हता. बोललं की चुकायचं नाही आणि कळलं की गप्प बसायचं नाही, एवढंच तिनं देवापाशी कबूल केलं होतं.

ताप उतरला त्या सकाळी कट्ट्यावर वाकल्यावर तिला काहीच आलं नाही. तिला वाटलं सर्दी आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या येईल. तिसऱ्या दिवशी तिनं घरी कांदा चिरून नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तापानं होतं असं कधी कधी. येईल, किंवा येणारही नाही. त्या "किंवा"वर ती घरी येईपर्यंत रडली आणि दारात डोळे पुसून आत गेली. बोललं तर काम जाणार. काम गेलं की खोली. सासूबाईंना उचलून न्यायचं कुठे, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाही नाही.

मग तिनं युक्त्या शोधल्या. कॅनमध्ये हात घालून आतून बोट फिरवायचं. रॉकेल असलं तर बोट बुळबुळतं. तळाशी पाण्याचा थेंब टाकायचा; तेलकट असलं तर थेंब पसरत नाही. आणि तिसरी युक्ती म्हणजे झाकणवाला. झाकण तोच आधी उघडायचा, वासाचा पहिला भपकारा त्याच्या तोंडावर. बारा वर्षं शेजारी उभी राहिल्यानं त्याचं तोंड तिला पाठ होतं. वाईट कॅन असला की त्याची डावी भुवई चढायची आणि ओठ एका बाजूला ओढला जायचा. ती त्याच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागली.

दहाव्या दिवशी एका कॅनवर त्याची भुवई चढली, ओठ ओढला गेला, वर "स्स" असा आवाजही निघाला. ती वाकली, नेमानं श्वास घेतला, बोट फिरवलं. बोट जरा ओशट लागलं. दुधाची चरबीही ओशटच लागते, पण त्या क्षणी तिला त्याचं तोंडच दिसत होतं. तिनं फुली मारली. शेरेबुकात लिहिलं, "क्रमांक एकेचाळीस, रॉकेलचा वास." खाली सही. कॅन तासाभरात धुऊन गेला.

दोन दिवसांनी झाकणवाला कामावर आला तो गालाला फडकं बांधून. अक्कलदाढ, तो म्हणाला. परवापासून जीव घेतेय, हातोडी मारली की कळ थेट कानात जाते. आणि बोलता बोलता त्यानं एका धुतल्यासारख्या स्वच्छ कॅनवर हातोडी मारली. डावी भुवई चढली, ओठ एका बाजूला गेला, "स्स" झालं.

वासबाईला एकेचाळीस नंबर आठवला. तिनं शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, परवा त्या एकेचाळीसला रॉकेल होतं ना हो बरंच?

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "नाक तुमचं. मी परवा दाढेत औषधाचा बोळा धरून होतो, मला सगळ्या जगाचाच औषधाचा वास येत होता."

म्हणजे कॅनला वास होता की नव्हता, हे आता पृथ्वीच्या पाठीवर कुणालाच माहीत नव्हतं. एका देवाला सोडून. आणि देवाला समन्स जात नाही.

कागदावर सही झाली त्या दुपारी सासूबाईंची चादर बदलून, करपलेलं पातेलं तसंच भिजत टाकून ती बाहेर पडली. एकेचाळीस नंबर म्हणजे बाजाराच्या मागच्या रस्त्यावरचं चहाचं दुकान. दोन बाकं, एक स्टोव्ह, पत्र्याचं छप्पर. चहावाल्याच्या दुकानावर आधीचा एक शेरा होता, त्याच्या वडिलांच्या वेळचा, चुन्याचा, आणि तो खरा होता. परवाना दुकानाच्या नावानं चालत असल्यामुळे हा दुसरा गुन्हा धरला जाणार होता. तिथं जाऊन काय करायचं, हे वासबाईनं ठरवलं नव्हतं. तिला फक्त तो स्टोव्ह बघायचा होता. रॉकेल कुठे ठेवतात, कशात ठेवतात, हे दिसलं तर मन एकीकडे तरी झुकेल, असं काहीसं.

दुकानात चहावाल्याची बायको एकटीच होती. तिनं हिला कधी पाहिलेलं नव्हतं. दुधाचे कॅन बंद झालेत, काळा चहा चालेल का, असं तिनं विचारलं. वासबाई हो म्हणाली. स्टोव्हच्या शेजारी रॉकेलचा निळा प्लॅस्टिकचा डबा होता. म्हणजे रॉकेल स्वतःच्या डब्यात ठेवतात. किंवा खटला झाल्यावर डबा आणला. मन झुकलं आणि परत सरळ झालं.

बायको बोलकी होती, आणि बरेच दिवस कुणी ऐकायला मिळालेलं नसावं. तिनं आपणहून सगळं सांगितलं. नवरा वकील शोधायला गेला होता. तो शपथा घेतो की मी कॅनमध्ये दुधाशिवाय थेंब घातला नाही. आणि मी काय करू सांगा, ती म्हणाली, डेअरीतली ती बाई म्हणे कधी चुकतच नाही. सगळा बाजार सांगतो. बारा वर्षांत एकदा चुकली नाही ती माझ्याच माणसाच्या वेळी चुकेल? अठरा वर्षं संसार केला, कधी याच्या शब्दावर शंका घेतली नाही. आता तो झोपला की मी त्याचे हात हुंगते.

वासबाईनं कप बाकावर ठेवला. तेवढ्यात बायको आत गेली आणि खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट घेऊन आली.

"ताई, एक काम करता? तुम्ही तिऱ्हाईत आहात. जरा वास घेऊन बघा. माझं डोकं फिरलंय, मला आता भाजीतसुद्धा रॉकेल येतं."

तिनं शर्ट वासबाईच्या नाकाशी धरला. वासबाईनं श्वास घेतला. बारा वर्षांत घेतला नसेल असा खोल, पोटापासून. देवा, एकदाच, असं म्हणत घेतला. सुती कापडाचा खरबरीत स्पर्श नाकाला कळला, बाकी काही नाही.

"नाही," ती म्हणाली. "मला काही येत नाही."

चहावाल्याची बायको बाकावर बसली आणि शर्टात तोंड घालून रडू लागली. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, म्हणाली. वासबाई अर्धा कप तसाच टाकून उठली आणि गल्लीच्या टोकाला भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. पण याहून मोठं खोटं आयुष्यात कधी बोलल्याचंही तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचं काम संपल्यावर ती डेअरीच्या साहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ताप, कांदा, झाकणवाल्याची भुवई, दाढ. साहेब वाईट माणूस नव्हता. कायदा व्हावा म्हणून तोच बारा वर्षांपूर्वी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता, आणि त्या दोन लेकरांच्या घरी भेटीला गेला होता तोही तोच. ऐकता ऐकता तो उठला आणि त्यानं दार लावून घेतलं.

महिनाभर, तो म्हणाला, महिनाभर तुम्ही न हुंगता कॅन पुढे पाठवलेत? ती म्हणाली, हो. गल्लीत एखादं मूल रडलं तरी माझा जीव उडतो. साहेबानं कपाळाला हात लावला. मग तो बराच वेळ बोलला. तिच्याशी नाही, स्वतःशी बोलावं तसा. उद्या तुम्ही पिंजऱ्यात हे बोललात तर हा एक माणूस सुटेल, ठीक आहे. पण परवा वकील विचारतील की नाक नेमकं कधी गेलं, महिन्यापूर्वी की चार वर्षांपूर्वी? तुमच्या शेऱ्यावर शिक्षा झालेला एकेक माणूस उभा राहील, कॅनमध्ये औषध भरणारेसुद्धा. लोकांना कळेल की नाक हाच पुरावा आणि नाक तर फसवं. कायद्याचं हसं होईल आणि पुन्हा जो तो आपल्या परसात डेअरीचा कॅन ठेवील.

मग त्यानं आवाज खाली आणला. तुम्हाला खोटं बोलायला मी सांगत नाही. शेरा तुमचा आहे का विचारतील, तर तो तुमचाच आहे. सही तुमची आहे का, तर आहे. एवढंच बोला. उद्यापासून मी तुम्हाला धुलाईत बदलून घेतो, खोलीला धक्का लागणार नाही.

"आणि त्याचे तीन महिने?" तिनं विचारलं.

"तुम्हाला खात्रीनं सांगता येतं का, की त्यानं रॉकेल भरलं नव्हतं?"

तेच तर येत नव्हतं. ती म्हणाली, त्या दिवशी धुलाईत मी एकदाच बोलले होते साहेब, दुसऱ्यांदा बोलले नाही. साहेबाला कोणता दिवस ते सांगावं लागलं नाही. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, म्हणूनच सांगतोय, बाई, म्हणूनच.

संध्याकाळी सासूबाईंना भरवताना तिचा हात दोनदा चुकला. दुसऱ्यांदा सासूबाईंनी चमचा बाजूला सारला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझं नाक गेलंय."

वासबाईनं चमचा वाटीत ठेवला. सासूबाई छताकडे पाहत बोलत होत्या. आधी माझी चादर ओली झाली की मी हाक मारायच्या आत तू यायचीस. सात वर्षं मला कधी बोलावं लागलं नाही. आता तू येत नाहीस. मी हाक मारत नाही, मला लाज वाटते. महिनाभर मी तशीच पडून राहते, तुझ्या लक्षात येईपर्यंत.

वासबाईनं त्यांच्या पाठीखाली हात घातला, कातडी हाताला लागली तशी पाठ बघितली. कमरेशी दोन ठिकाणी कातडं सोललं होतं. तिनं कोमट पाण्यानं ते पुसलं, मलम लावलं, आणि लावता लावता कोर्टाचं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, म्हातारी एरवी जिभेनं तिखट असली तरी खरं बोल म्हणेल. देवाचं नाव दिवसभर ओठांवर असलेली बाई दुसरं काय म्हणेल?

"बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी नको बोलूस. मला इथून उचलून नेऊ नकोस कुठे. या खोलीत माझा मुलगा गेला."

मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वासबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून प्रार्थना करायला लागली, पण मागायचं काय तेच तिला ठरवता येईना. नाक परत दे म्हणावं, तर त्यानं एकेचाळीस नंबरचा कॅन परत येणार नव्हता. धीर दे म्हणावं, तर कशासाठी, बोलण्यासाठी की गप्प बसण्यासाठी? शेवटी ती नुसतीच हात जोडून बसली, शब्दाविना.

कोर्टाची खोली लहान होती आणि भिंतींना पोपडे आले होते. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचत होत्या. चहावाला इस्त्री केलेल्या शर्टात उभा होता. त्याची बायको शेवटच्या बाकावर बसली होती. वासबाई पिंजऱ्यात चढली तशी तिनं मान उंचावून पाहिलं, ओळखलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. साहेब भिंतीशी उभा होता.

सरकारी वकिलानं शेरेबुक पुढे केलं. हा शेरा तुमचा? होय. सही तुमची? होय. वकील बसायला वळला. त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं. न्यायाधीशबाईंनी लेखणी उचलली. आता काही न बोलता खाली उतरलं की संपलं, हे वासबाईला दिसत होतं. तीन पायऱ्या होत्या.

"वास मी घेतला नव्हता," ती म्हणाली.

वकील उभा राहिला. काय म्हणालात? तिनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं म्हणून की काय, आवाज ठीक निघाला. तापानंतर मला कशाचाच वास येत नाही. कॅन उघडणाऱ्याचं तोंड बघून मी फुली मारली, आणि त्याची दाढ दुखत होती.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. वकील मात्र भडकला. साक्षीदार फितूर झाली आहे, त्यानं सांगितलं. परवा दुपारी ही बाई आरोपीच्या दुकानात जाऊन बसली होती, बघणारे आहेत. काय ठरलं तिथं? ती म्हणाली, काही ठरलं नाही, मी चहा प्यायला गेले होते. आता सगळेच हसले. ते हसणं अंगावर घेऊन ती उभी राहिली. वकील म्हणाला, वास येत नाही असं कुणीही म्हणेल, ते सिद्ध कसं करणार? ती म्हणाली, मला नाही माहीत.

न्यायाधीशबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"एकतर तुम्ही त्या दिवशी खोटं लिहिलंत, नाहीतर आज खोटं बोलताय. यातलं कुठलं, ते मला ठरवता येत नाही. पण अशा माणसाच्या शब्दावर मी कुणाला तुरुंगात पाठवू शकत नाही."

आरोपीला सोडून दिलं. डेअरीला हुकूम झाला की गेल्या महिन्यातले सगळे कॅन वापरातून काढून पुन्हा वाफेनं धुवावेत आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत. ते ऐकताना तेवढा एक क्षण वासबाईला श्वास मोकळा आल्यासारखं वाटलं. लगेच पुढचा खटला पुकारला गेला आणि तिला उतरायला सांगितलं.

बाहेरच्या व्हरांड्यात साहेब तिची वाट पाहत होता. तो रागावला नाही, हे जास्त जड गेलं. तो म्हणाला, पंधरा दिवस मी थांबवून धरतो, त्यापुढे खोली नव्या माणसाला द्यावी लागेल. झाकणवाल्याचंही काही खरं नाही, त्याला चौकशीला बोलावलंय. शेवटी म्हणाला, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि मान खाली घालून निघून गेला.

चहावाला पायऱ्या उतरत होता. त्यानं हात जोडल्यासारखे केले, पण मध्येच सोडले. कुणी बघेल आणि पुन्हा फितुरीचं काढेल असं वाटलं असावं. त्याची बायको मात्र खाली गेली नाही. ती थेट वासबाईपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हीच का त्या," ती म्हणाली. मग जवळ सरकून, "यांनी तुम्हाला काही देऊन फिरवलं का? खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

"नाही हो, बाई. देवाशपथ नाही."

"म्हणजे कॅनला वास नव्हता?"

वासबाईला त्या क्षणी नव्हता म्हणायला काय जात होतं? एक शब्द, आणि एक संसार तरी वाचला असता. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही. पण न कळता लिहिलेल्या एका ओळीनं इथवर आणलं होतं, आता न कळता दुसरी ओळ कशी सांगायची?

"मला कळलं नाही," ती म्हणाली. "असेल किंवा नसेल. मला खरंच कळलं नाही."

बायकोनं खाली पायऱ्यांवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो खिशात दोन्ही हात घालून उन्हात तिची वाट बघत होता.

"आणि परवा, तो शर्ट?" तिनं विचारलं. "तेव्हाही तुम्हाला येत नव्हता?"

वासबाईनं मान हलवली. नाही.

चहावाल्याची बायको जिना उतरली आणि नवऱ्याच्या शेजारून, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून चालू लागली. तो काहीतरी सांगत होता, वाकून, हातवारे करून. ती समोर बघत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत दोघं तशीच गेली.

वासबाई तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. साडेबारा होत आले होते. सासूबाईंना सकाळपासून कुशीवर वळवलेलं नव्हतं आणि त्या हाक मारणार नव्हत्या. घरी जाऊन त्यांना काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. पण एवढं कळत होतं की पायऱ्या असलेली जागा चालणार नाही. दवाखान्याच्या मागे एक शिंपीण राहते, तिच्या तळमजल्यावरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. ती खोली अजून रिकामी आहे का आणि पलंग आत जाईल एवढं तिचं दार रुंद आहे का, हे विचारायला ती शिंपिणीकडे निघाली.